काटा खोटं का बोलतो?

आज इलेक्ट्रॉनिक सिटीतून बोलतोय ते डॅशबोर्डवरच्या एका छोट्या काट्याबद्दल. पेट्रोलच्या काट्याबद्दल.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा झालेले. सिल्क बोर्डकडून आमच्या उन्नत रस्त्यावर चढलो. 2010 साली सुरू झालेला हा सुमारे 10 किलोमीटरचा रस्ता. वर चढलात की मध्येच थांबायला धड जागा नाही. सौ. शेजारी बसलेल्या. काटा पाव टाकी दाखवत होता आणि गाडीनं दोन आचके देऊन मान टाकली. टाकी कोरडी! मागून भरधाव गाड्या येताहेत, पाऊस कोसळतोय. मदत येईपर्यंतची ती 40 मिनिटं मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी एका वर्कशॉपनं सांगितलं, "सर, अख्खं पंप युनिट बदला." मी विचारलं, "बिघाड कुठे आहे?" उत्तर नव्हतं. फौजेतली सवय, आधी शत्रू कुठे आहे ते शोधायचं, मग गोळी झाडायची.

आता नीट लक्ष द्या. काट्याला पेट्रोल दिसत नाही. चौकीवरचा जवान पाहतो, तारेवरून निरोप जातो आणि मुख्यालयात नकाशावर खूण होते. तशीच ही साखळी आहे. टाकीतला फ्लोट, म्हणजे तरंगणारा डबा, हा आपला जवान. त्याचा दांडा वरखाली होतो, तसा एक संपर्क रेझिस्टन्सच्या पट्टीवरून सरकतो. या भागाला सेंडर म्हणतात. पेट्रोल बदललं की रेझिस्टन्स बदलतो, तो निरोप तारेतून जातो आणि काटा तो वाचतो. खबर चुकली तर जवान चुकला, तार तुटली की वाचणारा चुकला, एवढंच शोधायचं.

सोप्याकडून अवघडाकडे चला.

पहिलं, लक्षण वाचा. पेट्रोलबरोबर तापमानाचा काटाही वेडावाकडा चालतोय का? मग टाकीला हात लावू नका. फ्यूज, डॅशबोर्डचा वीजपुरवठा किंवा अर्थिंग तपासा. जुन्या गाड्यांत दोन्ही काट्यांना मिळून एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर असे, तो बिघडला की दोन्ही काटे चुकत. फक्त पेट्रोलचाच काटा चुकत असेल तर पुढे चला.

दुसरं, सेंडरचा प्लग. बऱ्याच गाड्यांत तो मागच्या सीटखाली, टाकीच्या वर असतो. गंज, सैल पिना, उंदरांनी कुरतडलेली वायर पाहा. अर्थची वायर बॉडीला जिथे जोडलेली असते ती जागा घासून स्वच्छ करा. अनेक दुखणी इथेच बरी होतात.

तिसरं, काट्याची परीक्षा. ही फक्त जुन्या, साध्या काट्याच्या गाड्यांसाठी. चावी बंद करून प्लग काढा, मग चावी लावा. काटा एका टोकाला जायला हवा. पुन्हा चावी बंद करून सेंडरची वायर अर्थला जोडा आणि चावी लावा. आता काटा दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. कुठलं टोक भरलेलं आणि कुठलं रिकामं, हे गाडीगणिक बदलतं. काटा दोन्हीकडे गेला तर काटा आणि तार निर्दोष, दोषी सेंडर. नव्या गाड्यांत ही वायर कॉम्प्युटरला जाते. तिथे हा प्रयोग करू नका. स्कॅनर लावून पातळीचा आकडा वाचायला सांगा.

चौथं, सेंडर बाहेर काढणं. हे काम अनुभवी मिस्त्रीकडूनच करून घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि एका ठिणगीनं पेटते. म्हणून मोकळी जागा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, अग्निशामक जवळ आणि टाकी शक्य तितकी रिकामी, एवढं हवंच. सेंडर बाहेर आला की मल्टिमीटर ओहमवर लावा आणि दांडा हळूहळू फिरवा. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच उडी मारली तर पट्टी झिजली किंवा मळली. फ्लोट हलवून पाहा. आत पेट्रोल डुचमळलं तर तो फुटलाय, म्हणजे टाकी भरलेली असली तरी काटा खालीच राहणार.

माझ्या गाडीचं काय निघालं? दांडा किंचित वाकला होता. खाली येताना पाव टाकीपाशी पंपाच्या नळीला टेकून अडकायचा. हातानं पुढे ढकलला तर मल्टिमीटरचा आकडा सलग चालायचा, म्हणजे पट्टी ठणठणीत. दांडा सरळ केला, नवं रबरी सील घातलं, मिस्त्रीला मजुरी दिली. काम झालं.

आता एक मोठी गोष्ट. 23 जुलै 1983. एअर कॅनडाच्या बोइंग 767 चे इंधनदर्शक बंद होते. मुळाशी होता एक कच्चा सोल्डर जोड. मग पट्टीनं इंधन मोजलं, पण हिशेबात किलोग्रॅमऐवजी पौंडाचा आकडा धरला. निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडालं आणि सुमारे 41,000 फुटांवर इंजिनं बंद पडू लागली. वैमानिकांनी ते तरंगत आणून गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. सर्व 69 जण वाचले. काटा बंद पडणं हा अर्धाच धोका होता. त्याच्या जागी घेतलेलं मापही चुकलं, म्हणून संकट आलं.

म्हणून काटा दुरुस्त होईपर्यंत, आणि झाल्यावरही, दुसरा साक्षीदार ठेवा. टाकी फुल्ल केली की ट्रिप मीटर शून्यावर आणा. समजा टाकी 35 लिटरची आहे आणि गाडी लिटरला 14 किलोमीटर देते. हिशेबानं 490 किलोमीटर झाले, पण 350 झाले की पंप गाठायचा. काटा काहीही म्हणो.

हल्ली उन्नत रस्त्यावर चढण्याआधी सौ. विचारतात, "ट्रिप किती झाली?" काट्याकडे त्या पाहतसुद्धा नाहीत.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.