दंड आणि दंडावरचा दंड

उमरग्यावरून जाणारा सोलापूर-हैदराबाद महामार्ग रात्रंदिवस जागा असतो. त्या वाटेवर परवाना हीच चालकाची भाकर होय. म्हणून अपराधाबद्दल किती दंड घ्यावा, हा प्रश्न केवळ सरकारी तिजोरीचा नाहीं.

अमेरिकेंतील टेक्सास राज्यानें २००३ सालीं मूळ दंडाखेरीज अधिभार बसविला. विम्यावांचून मोटार हांकणाऱ्यास तीन वर्षें दरसाल २५० डॉलर. मद्यपान करून हांकणाऱ्यास निदान १००० डॉलर. भरणा चुकला कीं परवाना स्थगित! परिणाम विपरीत झाला. धनिक पैसे भरून सुटला. गरिबाचा परवाना गेला, पण पोटासाठीं मोटार हांकणें सुटलें नाहीं. विनापरवाना सांपडला कीं नवा अधिभार. दहा लाखांहून अधिक परवाने असे अडकले. अखेर १ सप्टेंबर २०१९ रोजीं अधिभार रद्द झाला. मद्यपी चालकास मात्र सूट मिळाली नाहीं. त्याचा वाढीव दंड न्यायालयानें बसवावा, व तो निर्धन असल्यास माफ करावा, अशी योजना झाली.

योगायोग असा कीं, त्याच दिवशीं भारतांत मोटार वाहन कायद्याचे वाढीव दंड लागू झाले. विनापरवाना हांकण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५००० झाला. तडजोडीच्या रकमा ठरविण्याचा अधिकार राज्यांस आहे. महाराष्ट्रानें त्या डिसेंबर २०२१ मध्यें वाढविल्या.

दंड हवाच, बेफाम चालकापासून पादचाऱ्याचें रक्षण दुसरें कोण करणार? परंतु चालक उमरग्याचा असो वा टेक्सासचा, दंडानें त्याला शहाणें करावें. कर्जबाजारी करूं नये.