हिमक्रीडांचे यजमानपद

हिवाळी ऑलिंपिक क्रीडा कोणत्या प्रदेशात भरवाव्यात हे ठरविण्याचा अखत्यार स्वित्झर्लंडमधील लोझान येथे कचेरी असलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा आहे. 2002 च्या क्रीडांसाठी सॉल्ट लेक सिटीने सभासदांवर केलेल्या नजराण्यांच्या वर्षावाचे प्रकरण उघडकीस येऊन दहा जणांना समितीतून जावे लागले, तेव्हापासून उमेदवार नगरांना भेटी देण्यास सभासदांना मज्जाव झाला. आणि 2019 पासून तर खुल्या चढाओढीऐवजी एक निवड-आयोग इच्छुक प्रदेशांशी वाटाघाटी करून आपली शिफारस समितीपुढे ठेवतो.

परंतु या दफ्तरी व्यवहारापेक्षा माझे मन अधिक गुंतले ते बॉबस्ले या घसरगाडीच्या मार्गात. डोंगरउतारावरून सुमारे दीड किलोमीटर वळणे घेत उतरणारी ही काँक्रीटची पन्हळ, जिच्या पोटात शीतकारक द्रव खेळविणाऱ्या नळ्यांचे जाळे असते आणि जिच्यावर पाण्याचे फवारे मारून कामगार थरावर थर बर्फ चढवितात व धारदार पात्यांनी तो हाताने तासून गुळगुळीत करतात, क्रीडा आटोपल्यावर ती इतर कोणत्याही कामी फारशी येत नाही. 2006 च्या तुरीन क्रीडांसाठी चेझाना येथे बांधलेला मार्ग काही वर्षांतच बंद पडला. तरीही 2026 साठी परदेशातील तयार मार्ग वापरण्याची समितीची सूचना इटलीने मानली नाही, आणि पहिल्या निविदेला एकही ठेकेदार पुढे आला नसताना कोर्तिना येथे झाडे तोडून नवा मार्ग उभारला. 2030 चे यजमानपद सरकारी हमीच्या अटीवर मिळविणाऱ्या फ्रेंच आल्प्सने मात्र 1992 च्या आल्बेरव्हिल क्रीडांचा ला प्लान्य येथील मार्गच पुन्हा योजिला, हे मला मनापासून आवडले.

खरी चिंता पुढेच आहे, ती यजमान मिळण्याची. 1976 च्या क्रीडा डेन्व्हरला बहाल झाल्या होत्या, पण त्यांवर सरकारी खजिन्यातून खर्च करण्यास कोलोरॅडोच्या मतदारांनी नोव्हेंबर 1972 मध्ये नकार दिल्यामुळे त्या इन्सब्रुकला न्याव्या लागल्या. 2014 साली क्राकूव्हचा आणि 2018 साली कॅलगरीचा लोककौलही प्रतिकूलच पडला. 2022 साठी अखेर बीजिंग व आल्माटी ही दोनच नगरे उरली, आणि 44 विरुद्ध 40 मतांनी निवडलेल्या बीजिंगच्या क्रीडांत जवळजवळ सगळे हिम यंत्रांनी पाडावे लागले. 2040 पर्यंत हिमावरील स्पर्धा भरवू शकतील असे बहुधा केवळ 10 देश उरतील, असे समितीनेच 2023 साली जाहीर केले. तेव्हा अशा मोजक्या प्रदेशांनी आळीपाळीने, आधीच बांधलेल्या मार्गांवर, आणि तेथील रहिवाशांचा कौल अगोदर घेऊनच या क्रीडा भरवाव्यात, हेच मला न्याय्य वाटते.