मातीचा आकडा वाचताना

अकोला जिल्ह्यात, पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यातलं कुठलंही गाव 'सॉइलग्रिड्स' या जागतिक नकाशावर शोधा. गावावर टिचकी मारली की तिथल्या मातीचा सामू, सेंद्रिय कर्ब आणि वाळू, गाळ, चिकणमातीचं प्रमाण समोर येतं. पृष्ठभागापासून दोन मीटर खोलीपर्यंतच्या सहा थरांची ही माहिती असते आणि ती फुकट मिळते. मृदाशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून मोठी सोय कोणती? मात्र या सोयीचा खरा उपयोग त्यालाच होतो, जो आकडा वहीत उतरवण्याआधी तीन प्रश्न विचारतो: हा मोजलेला आहे की अंदाज? कोणत्या पद्धतीनं काढला? आणि किती खोलीवरचा?

मोजमाप की अंदाज

'सॉइलग्रिड्स' हा नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनच्या 'इसरिक' संस्थेचा प्रकल्प. जगभरातल्या सुमारे 2,40,000 ठिकाणच्या मृदा-छेदांच्या नोंदी, आणि त्यांच्या जोडीला हवामान, भूरचना, उपग्रहचित्रं यांची माहिती संगणकाला पुरवून बाकीच्या जमिनीचा अंदाज बांधला आहे. म्हणजे तुमच्या गावात कुणी खड्डा खणलेला असेलच असं नाही. नकाशाचा एक चौकोन 250 मीटर लांब आणि तितकाच रुंद, सुमारे साडेपंधरा एकरांचा. तेवढ्यात नाल्याकाठची भारी काळी जमीन आणि टेकाडावरची मुरमाड जमीन दोन्ही येऊ शकतात. इसरिक हे लपवत नाही. प्रत्येक अंदाजासोबत त्याची खालची आणि वरची मर्यादाही दिलेली असते. ती वाचायची सवय पहिल्या वर्षापासून लागायला हवी. मूळ माहिती उतरवून घेताना एककंही तपासावीत. तिथे सामू दहापट करून साठवलेला असतो, आणि सेंद्रिय कर्बाच्या रकान्यातले 65 म्हणजे किलोमागे 6.5 ग्रॅम, आपल्या ओळखीच्या भाषेत 0.65 टक्के.

आपल्याकडचा मोठा आधार म्हणजे नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था. 1976 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या 'भूमी' या संकेतस्थळावर देशाचे मृदा-नकाशे पाहता येतात. तिथेही प्रमाण पाहावं. 1:2,50,000 प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. तालुक्याची कल्पना यायला तो उत्तम. गट क्रमांकावर खताची मात्रा ठरवायला तो बनवलेलाच नाही.

पद्धत बदलली की आकडा बदलतो

अमेरिकी पद्धतीत 0.05 मिलिमीटरपेक्षा बारीक कणापासून गाळ सुरू होतो, आंतरराष्ट्रीय पद्धतीत 0.02 पासून. त्यामुळे एकाच मातीत गाळाचे दोन वेगळे टक्के निघतात, आणि दोन्ही बरोबर असतात. स्फुरदाचंही तसंच. विदर्भ-मराठवाड्याच्या विम्लधर्मी काळ्या जमिनीत तो ओल्सेन पद्धतीनं काढतात, कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीत ब्रे पद्धतीनं. हे आकडे शेजारी मांडून 'कोकणात स्फुरद जास्त की कमी' असा निष्कर्ष काढणं चूक. वॉकले-ब्लॅक पद्धतीत सेंद्रिय कर्बाचा साधारण तीन-चतुर्थांश भागच हाती लागतो, म्हणून सुधारणा-गुणक वापरला आहे का, हेही पाहावं लागतं.

खोलीचा प्रश्न

2015 मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेच्या संकेतस्थळावर बारा घटक दिसतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब. नमुना बहुधा वरच्या 15 सेंटिमीटरचा. पिकाच्या खतासाठी हे उपयोगी आहे. पण खारपाण पट्ट्याचं दुखणं खालच्या थरांत आहे. तिथे चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. पाऊस पडला की कण सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि पाण्याचा निचरा थांबतो. बारा घटकांत सोडियम नाही, 'सॉइलग्रिड्स'वरही तो नाही. दोन्ही ठिकाणं चाळून विद्यार्थी समाधानानं उठला, तर त्या पट्ट्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याच्या नजरेतून सुटलेली असते.

ती सापडते 'कृषिकोश'मध्ये. भारतीय कृषी विद्यापीठांचे प्रबंध या भांडारात ठेवलेले आहेत. जिल्ह्याचं किंवा नदीखोऱ्याचं नाव टाकून शोधलं, तर खड्डा खणून, थराथराचे नमुने काढून, पद्धत लिहून केलेलं काम वाचायला मिळतं. जागतिक नकाशाच्या मानानं ही पानं रुक्ष दिसतात, पण तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यांतच असतात. मोजणी कशी लिहावी, हे शिकायला अमेरिकेच्या कृषी खात्याची मृदा-मालिकांची अधिकृत वर्णनं जरूर पाहावीत. प्रत्येक थराची खोली, मन्सेल तक्त्यावरचा ओला-कोरडा रंग, पोत, संरचना, मुळं, चुनखडी असा त्यांचा क्रम ठरलेला असतो.

या सगळ्याचा अभ्यास झाल्यावर विद्यार्थ्यानं आपल्या शिवारात एक छेद उघडावा आणि त्याच क्रमानं वर्णन लिहावं. स्थान, खोली, पद्धत, तारीख, काहीही गाळू नये. जागतिक नकाशे अशाच नोंदींवर उभे राहतात, आणि जिथे नोंदी विरळ तिथे अंदाज कच्चा. आपल्या भागाचा नकाशा सुधारायचा असेल, तर त्याला लागणारी मोजमापं आपणच पुरवायला हवीत.