बंब ते सेलचा गिझर: नाशिकच्या न्हाणीघरातल्या ज्योतीचा मागोवा

नाशिकच्या जुन्या वाड्यांत अंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापे. बंबात लाकडे आणि गोवऱ्या जळत, धूर मधल्या नळकांड्यातून वर जाई. विस्तव विझला तर तो डोळ्यांना लगेच दिसे. गॅस विझला तर दिसत नाही, पण वायू मात्र खोलीत साचत राहतो. गॅस गिझरच्या रचनेत झालेले बदल मुख्यतः याच धोक्याभोवती फिरतात.

बर्मा-शेलने 1955 मध्ये मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला आणि पुढच्या काही दशकांत तो गावोगाव पोचला. जुन्या पद्धतीच्या गिझरमध्ये मुख्य बर्नरशेजारी छोटी पायलट ज्योत सतत तेवत असे. तिच्यात थर्मोकपलचे टोक तापते आणि वीस-तीस मिलिव्होल्टचा दाब निर्माण होतो. झेबेक या शास्त्रज्ञाने 1821 मध्ये दाखवलेला हा परिणाम. तेवढ्या विजेवर चुंबक गॅसची झडप उघडी धरतो. ज्योत गेली की टोक निवते आणि झडप मिटते. म्हणून पेटवताना दाबून धरलेले बटण सोडताच पायलट विझत असेल तर आधी ज्योत पाहावी. ती पिवळी, मरगळलेली असेल तर जेटमध्ये, म्हणजे गॅस येण्याच्या बारीक छिद्रात, धूळ किंवा कोळ्याचे जाळे अडकलेले असते. ज्योत निळी असून टोकाला वेढत असेल, तर काजळलेले टोक, सैल जोडणी किंवा निकामी थर्मोकपल हे कारण. झडप तारेने बांधून उघडी ठेवणे ही दुरुस्ती नव्हे, तो जिवाशी खेळ आहे.

आज घरोघर दिसतो तो दीड व्होल्टच्या दोन सेलांवर चालणारा गिझर. यात पायलट नाही. पाणी वाहू लागले की पडदा हलतो, स्विच दबतो, ठिणग्या पडतात, झडप उघडते आणि ज्योतीतली संवेदक काडी आग लागल्याची खात्री करते. टकटक आवाजच नसेल तर सेल उतरलेले असतात किंवा पाण्याचा जोर कमी असतो. टाकीला अगदी लागून असलेल्या वरच्या मजल्यावर हा त्रास नेहमीचा. गाळणीही साफ करून पाहावी. पेटून काही क्षणांत विझत असेल तर संवेदक काडी मळलेली किंवा वाकलेली असते. बऱ्याच वेळाने विझत असेल तर ठरावीक वेळेचा किंवा अतितापाचा खटका पडलेला असतो, आणि तो अडथळा समजून काढू नये. बंद न्हाणीघरात प्राणवायू घटून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, आणि त्यामुळे माणसे बेशुद्ध पडली आहेत, दगावलीही आहेत. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवणेच योग्य.

आता सिलिंडरच्या जोडीला नळाचा गॅसही आहे. 2018 मध्ये शहर गॅस वितरणाच्या बोलीच्या नवव्या फेरीत नाशिक जिल्ह्यात असा गॅस पुरवण्याचे काम महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीकडे आले. नळाचा गॅस घरात साधारण 21 मिलिबार दाबाने येतो, सिलिंडरचा रेग्युलेटर 30 मिलिबार देतो. शिवाय नळाच्या मिथेनमध्ये तेवढ्याच आकारमानात उष्णता बरीच कमी असते. सिलिंडरसाठी बनलेला गिझर नळाला तसाच जोडल्यास ज्योत दुबळी राहते आणि वारंवार विझते. जेट बदलून, मग संवेदक काडी ज्योतीत नीट येते का हे तपासूनच तो वापरावा लागतो.