टाचेखालचा आधार

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल फरशीवर टेकावे आणि टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ यावी. भिंत धरून दहा-वीस पावले चालल्यावर ती ओसरावी, आणि दुपारी बराच वेळ बसून उठताना पुन्हा यावी. हे वर्णन ज्यांना ओळखीचे वाटेल त्यांची संख्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यात थोडी नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत काळ्या मातीच्या ढेकळांवरून दिवसभर चालणाऱ्या स्त्रिया, एसटीचे वाहक, आशा सेविका, उभ्याने शिकविणारे शिक्षक, ओट्यापाशी दोन्ही वेळा उभ्या राहणाऱ्या गृहिणी, या साऱ्यांच्या टाचा एकाच कारणाने बोलू लागतात.

माझी थोरली बहीण दारव्हा तालुक्यातील एका शाळेत शिकविते. गेल्या वर्षी तिने टाचदुखीवर दुकानातून मऊ सिलिकॉनचे पॅड आणले आणि ते आपल्या सपाट चपलेत ठेवले. दुसऱ्याच दिवशी बसस्थानकावर धावताना त्यांतला एक निसटून पडला. पुढे एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसले, तशी ती घाबरली. मला वाटते, टाचदुखीच्या बहुतेक घरांत थोड्याफार फरकाने हीच कथा घडते, म्हणून ती येथे सांगितली.

वाढलेल्या हाडाची भीती आधी दूर करावी. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक चिवट पट्टा असतो. धनुष्याला दोरी, तसा तो पायाच्या कमानीला ताणून धरतो. सतत उभे राहणे, वाढलेले वजन, आखडलेल्या पोटऱ्या आणि झिजलेली पादत्राणे यांमुळे टाचेच्या हाडाला तो जेथे चिकटतो तेथे त्याला इजा होत राहते. रात्री पाय सैल पडला की पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला तो अचानक ताणला जातो. हाडाचे टोक वाढलेल्या कित्येकांना काहीही दुखत नाही, आणि ते न वाढलेल्या कित्येकांना असह्य दुखते. त्यामुळे एक्स-रेवरून दुखण्याचे माप काढता येत नाही.

आता इनसोलकडे वळू. बोट दाबताच रुतते ते चांगले, असा दुकानातला समज आहे. परंतु मऊपणा हा येथे दुय्यम गुण आहे. टाचेभोवती खोल वाटी असावी, म्हणजे टाचेखालची नैसर्गिक चरबी पसरत नाही. कमानीचा उंचवटा अंगठ्याने दाबल्यावर थोडा दबून परत वर यावा. तो पूर्ण बसत असेल तर शरीराचे वजन पडताच त्याचा उपयोग संपतो. हा उंचवटा आपल्या कमानीखालीच यावा, पुढे चवड्याकडे सरकलेला नसावा. ओला पाय शहाबादी फरशीवर टेकवून उमटलेला ठसा पाहिला की आपली कमान उंच आहे की सपाट, याचा ढोबळ अंदाज येतो. खरेदीस सायंकाळी जावे, कारण तोवर पाय किंचित सुजलेले असतात. बुटातील मूळ तळ काढून त्याच्या मापाने नवा तळ बोटांच्या बाजूने कापावा. एकावर एक दोन तळ घातले तर बूट घट्ट होतो आणि टाच वर उचलली जाते. दुखणे एकाच पायाचे असले तरी जोडी दोन्ही पायांत घालावी. पहिल्या दिवशी तास-दोन तास, मग हळूहळू अधिक. आठवड्याभरानंतरही कमानीत टोचतच असेल तर ते माप आपले नाही असे समजावे.

मापानुसार खास बनविलेले महागडे इनसोल घ्यावेत काय? अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३६ रुग्णांना आठ आठवडे पाहिले. ताणाच्या व्यायामाबरोबर तयार, स्वस्त इनसोल वापरणाऱ्यांना खास बनविलेल्यांपेक्षा कमी नव्हे, उलट अधिक आराम पडला. ऑस्ट्रेलियातील १३५ रुग्णांच्या २००६ सालच्या अभ्यासातही तयार आणि खास, दोन्हींचा लाभ सारखाच, पहिल्या काही महिन्यांपुरता आणि माफक होता. वर्षाअखेरीस फरक उरला नाही. म्हणजे इनसोल हा दुखण्याच्या कठीण काळातला सोबती आहे. पावलाची रचना विशेष बिघडलेली असेल तर मात्र वैद्यकीय सल्ल्याने खास तळ घेणे योग्य.

आपली खरी अडचण मात्र वेगळीच आहे. हे सारे सल्ले बूट घालणाऱ्या देशांतून आलेले आहेत. येथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, बूट कोण घालणार? घरात तर आपण अनवाणीच. तेव्हा इनसोल निवडण्याआधी चप्पल निवडावी लागते. टाचेला मागून पट्टा असलेली सँडल घ्यावी. ती दोन्ही हातांत धरून ओल्या कपड्यासारखी पिळून पाहावी. सहज पिळली गेली तर परत ठेवावी. ती वाकावी, पण फक्त बोटांच्या सांध्याशी.

आपल्याकडे दुकानांत मिळणारी एमसीआर चप्पल येथे आठवते. सूक्ष्म छिद्रांच्या रबराचा हा तळ वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील कुष्ठरोगसेवेतून पुढे आला. तेथे १९४६ साली रुजू झालेले डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखविले की, बधिर पायांच्या जखमा सततच्या दाबामुळे आणि न जाणवणाऱ्या इजांमुळे होतात. वरोऱ्याच्या आनंदवनाच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा विषय परका नाही. एमसीआर दाब पसरविते, पण कमानीला फारसा आधार देत नाही. तो हवा असल्यास गावातला कुशल चर्मकार त्यावर घट्ट रबराचा उंचवटा नीट चिकटवून देऊ शकतो. त्याला पायाचा ठसा दाखवावा.

मधुमेह असलेल्यांनी येथे विशेष सावध असावे. तळपायाला मुंग्या येत असतील वा स्पर्श कमी कळत असेल, तर दुकानातून आणलेला कोणताही तळ आपल्या मनाने वापरू नये. त्याच्या कडेने झालेला फोड त्यांना जाणवत नाही, आणि अशा फोडातूनच पाय गमावण्यापर्यंत पाळी येते. तसेच टाचेला सूज, ताप, रात्री झोपमोड करणारी वेदना, किंवा तरुण वयात दोन्ही टाचा आणि सकाळी आखडणारी पाठ एकत्र दुखत असेल, तर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वा जवळच्या रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात दाखवावे.

राहिला व्यायाम, आणि तो फुकटचा आहे. खाटेवरून उतरण्यापूर्वी दुखऱ्या पायाची मांडी घालावी, पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढावीत, दहा अंक मोजावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणावी. बहुतेकांचे दुखणे वर्षभरात आटोक्यात येते, पण महिनाभरात कंटाळून सोडणारेच अधिक.

माझ्या बहिणीने आता सपाट चपला काढून टाकल्या आहेत. मागे पट्टा असलेली सँडल, तिच्यात बसविलेला तयार तळ, आणि घरात घालायची वेगळी जोडी पलंगाखाली; पहिले पाऊल ती थेट तिच्यातच टाकते. पाच महिन्यांत सकाळची कळ पुष्कळ कमी झाली आहे, वेचणीच्या रविवारी अजून थोडी उठते. स्वयंपाकघरात चप्पल घालण्यास सासूबाईंची आधी हरकत होती, ती आता मावळली आहे. देवघरात मात्र ती अनवाणीच जाते, आणि त्यावर मी वाद घातलेला नाही.