बी भरून ठेवलं, पण उगवेल का?

सोयाबीनचं घरचं बी पेरायचं असेल, तर दारव्हा तालुक्यातला जाणता शेतकरी मृगाआधी त्याची उगवण तपासतो. 100 दाणे मोजायचे, ओल्या बारदानात गुंडाळायचे आणि आठवडाभरानं मोड मोजायचे. किमान 70 उगवले, तर बी पेरण्याजोगं. पोतं भरलेलं आहे, एवढ्या भरवशावर शहाणा माणूस पेरत नाही.

सातबारा, फेरफार, पतसंस्थेची खाती, बाजार समितीचे व्यवहार आता सर्व्हरवर असतात. त्यांचा बॅकअप 'भरलेला' आहे, एवढ्यावर मात्र आपण निर्धास्त होतो. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला आग लागली आणि असंख्य फायली राख झाल्या. दप्तर एकाच जागी ठेवण्याची किंमत महाराष्ट्रानं त्या दिवशी पाहिली.

बॅकअप सर्व्हर बसवताना आधी एक फरक ध्यानात घ्यावा. काल बिघडलेलं काम आज परत मिळावं म्हणून घेतलेली प्रत म्हणजे बॅकअप. नवी आली की जुनी यथाकाल पुसली जाते. अभिलेख म्हणजे वीस वर्षांनी वाद उभा राहिला तर दाखवायचा कागद. त्यात काना-मात्राही बदलता कामा नये. म्हणून दोघांची मुदत आणि जागा वेगवेगळी लावावी.

मग वेळापत्रक. आठवड्यातून एकदा पूर्ण प्रत आणि रोज रात्री फक्त त्या दिवसाचे बदल, ही रूढ पद्धत. पण एका दिवसाच्या नोंदी गेल्या तर संस्थेला सोसेल का, हे आधी ठरवावं. सोसणार नसेल, तर तासातासाला प्रत घ्यावी. एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी, हा जगभर मानला जाणारा नियम. एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली असावी. बॅकअपचा पासवर्ड रोजच्या कामाचा नसावा आणि कुलूपबंद प्रतीची किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नये.

प्रत तोडून का ठेवायची? जून 2017 मध्ये मर्स्क या जहाज कंपनीवर 'नॉटपेट्या' विषाणू आला. कोण कर्मचारी, कोणाला कुठे प्रवेश, हे सांभाळणारे तिचे जगभरातले सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत होते; ते सगळे एकदमच गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. त्याच एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली.

आणि तपासणी का? त्याच वर्षी 31 जानेवारीला गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्यानं चुकून मुख्य माहितीसाठाच पुसला. एक बॅकअप रोज घेतला जातोय असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नसल्यानं तो होतच नव्हता आणि बिघाडाचे इशारेही कोणापर्यंत पोहोचत नव्हते. योगायोगानं हाती लागलेली प्रत सहा तास जुनी होती. त्या सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या.

म्हणून संस्थाचालकांना कळकळीची विनंती आहे. महिन्यातून एक दिवस ठरवा. एखादी जुनी नोंद बॅकअपमधून रिकाम्या संगणकावर परत आणा, मूळ नोंदीशी ताडून पाहा, किती वेळ लागला तो वहीत लिहा आणि खाली सही करा. उगवण तपासल्याशिवाय बी पेरायचं नाही, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. दप्तरालाही तोच नियम लावा.