शय्याव्रण : औषधापूर्वी दाब दूर करावा



कळससारख्या गावात पक्षाघाताने किंवा खुब्याच्या अस्थिभंगाने अंथरुणास खिळलेल्या वृद्धांची शुश्रूषा बहुधा घरीच होते. अशा एका रुग्णाच्या माकडहाडावरील लाली पाहून आम्ही तेथे तैलमर्दन सुचविले. चारच दिवसांत व्रण उघडला. चूक आमची होती. लाल झालेल्या जागी चोळल्याने आतील दुखावलेल्या धातूंना अधिकच इजा होते.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम वर्णिले आहेत; परंतु सर्व चिकित्सेचा पाया निदानपरिवर्जन हाच होय. शय्याव्रणाचे निदान म्हणजे दाब. हाड आणि बिछाना यांच्यामध्ये त्वचा व मांस दाबले गेले की तेथील रक्तपुरवठा खुंटतो. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी कण्याला दुखापत झालेल्या रुग्णांना दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलून देण्याचा परिपाठ घातला. आजही प्रतिबंधाचा पाया तोच आहे.

नातेवाइकांना पुढील गोष्टी समजावून द्याव्यात. लाल जागी बोट दाबून उचलावे. लाली फिकी न पडल्यास ती पहिली अवस्था समजावी. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून उष्णता, कठीणपणा व वेदना तपासाव्यात. कुशीवर वळविताना रुग्णाला खुब्यावर सरळ न निजविता पाठीशी उशी देऊन सुमारे तीस अंश कलते ठेवावे. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. मधे भोक असलेली गोल गादी वापरू नये. तिच्या कडेने रक्तप्रवाह अडतो. मलमूत्राचा ओलावा तत्काळ पुसावा.

व्रण उघडल्यास पंचवल्कल किंवा त्रिफळा क्वाथाने प्रक्षालन करून, व्रण शुद्ध झाल्यावर रोपणार्थ जात्यादि तैल वा घृत योजावे. आहारात दूध, डाळी, अंडी यांद्वारे प्रथिने वाढवावीत. वृक्करोग्यात मात्र विचारपूर्वक. रक्तातील साखर तपासावी. दुर्गंधी, ज्वर, काळे मृत मांस, खोल पोकळी किंवा हाड दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास विनाविलंब इंदापूर वा बारामतीच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. जात्यादि तैलाची बाटली देताना 'रुग्णाची कूस किती वेळाने बदलता?' एवढे अवश्य विचारावे. दाब कायम राहिल्यास कोणतेही तैल तो व्रण भरून आणू शकत नाही.